‘सलग’ म्हणजे किती?

केळीच्या पीकविम्याच्या कागदावर एक लहानसा शब्द असतो : सलग. हिवाळ्यात किमान तापमान ठरलेल्या अंशावर किंवा त्याखाली ठरलेले दिवस ‘सलग’ राहिलं, तर भरपाई मिळते. समजा, अट सलग तीन दिवसांची आहे. दोन रात्री पारा उतरला. तिसऱ्या रात्री आभाळ आलं आणि पारा अर्धा अंश वर थांबला. चौथ्या आणि पाचव्या रात्री तो पुन्हा खाली गेला. कडाक्याच्या रात्री चार भरल्या, पण सलग तीन एकदाही भरल्या नाहीत. पानांवर चरका दिसतो, घडांची वाढ खुंटते. कागदाच्या हिशेबी मात्र भरपाईजोगं काही घडलेलं नसतं. शिवाय तो पारा आपल्या बांधावरचा नसतोच. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं तो नोंदवलेला असतो.

हाच शब्द मराठीच्या तासाला भेटतो तेव्हा त्याचं वजन फारच कमी असतं. सलग म्हणजे लागोपाठ, अखंड. समानार्थी शब्द लिहा, एक गुण. घंटा होते, वही मिटते. घरी गेल्यावर त्याच शब्दावर वर्षाचं खत, मजुरी आणि बहिणीच्या कॉलेजची फी अडलेली असते. आणि तो कागद वाचायला घरातली मोठी माणसं देतात कोणाकडे? बऱ्याच घरांत नववी-दहावीतल्या पोराकडेच. ई-पीक पाहणीचा फोटो तेच काढतं, बँकेचा संदेश तेच वाचून दाखवतं, अर्जावरचा ‘विहित नमुन्यात’ म्हणजे काय हे आजोबा त्यालाच विचारतात. पंधरा वर्षांचं पोर शाळेत विद्यार्थी असतं आणि घरात वाचक असतं. शाळेला त्याच्या या दुसऱ्या कामाची खबर नसते.

हा लेख त्या दोन कामांमधल्या अंतराविषयी आहे. ते अंतर मिटवता येतं, आणि तसं करून दाखवणारा एक माणूस खानदेशातच होऊन गेला, हे मला सांगायचं आहे.

सातपुडा आणि तापीच्या मध्ये

यावल म्हणजे उत्तरेला सातपुड्याची रांग आणि दक्षिणेला तापी, यांच्यामधली काळी जमीन. गावात निंबाळकरांचा जुना किल्ला आहे आणि महर्षी व्यासांचं मंदिर आहे. देवळं सगळीकडे असतात. ग्रंथकर्त्याचं देऊळ क्वचित कुठे असतं. गुरुपौर्णिमेला इथे गर्दी लोटते. शिवारात केळी. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यातला मोठा वाटा यावल आणि रावेर या शेजारी तालुक्यांचा. वर डोंगराकडे गेलं की यावल अभयारण्य, पावरा, भिल्ल आणि तडवी वस्त्या, आश्रमशाळा; आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालयही यावललाच आहे. एकाच वर्गात लेवा बोली बोलणारं, तडवी भिल्ली बोलणारं आणि पावरी बोलणारं पोर शेजारी शेजारी बसू शकतं. पाठ्यपुस्तकाची मराठी तिघांपैकी कोणाच्याच घरची नसते.

या मुलांना वाचता येतं का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो, आणि तो विचारलाच पाहिजे. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२३ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातली १४ ते १८ वयाची सुमारे २५ टक्के मुलं आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूरही सहज वाचू शकत नव्हती. त्याच पाहणीत जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो चालवता येत होता. हे दोन आकडे एकाखाली एक मांडले की दिसतं, की ज्याला परिच्छेद नीट लागत नाही, त्याच्याही तळहातावर रोज शेकडो वाक्यं येऊन पडतात.

ज्यांना वाचता येतं, त्यांचाही प्रश्न सुटलेला नाही. पंधरा वर्षांच्या मुलांच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१८ साली असं दिसलं, की श्रीमंत देशांतसुद्धा दहातल्या एकापेक्षा कमी मुलांना वस्तुस्थिती आणि मत यांतला फरक आडवळणाच्या खुणांवरून ओळखता आला. म्हणजे ही केवळ खानदेशातल्या पोरांची उणीव नाही. जगभरच शाळेनं अक्षर शिकवलं आणि अक्षराची पारख शिकवायची राहून गेली.

अमळनेरच्या वसतिगृहातलं दैनिक

आता तापी ओलांडून अमळनेरला जाऊ. १९२४ साली पांडुरंग सदाशिव साने नावाचा पंचविशीतला तरुण इथल्या शाळेत शिक्षक झाला. कोकणातल्या पालगडचा. आधी अमळनेरच्याच तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी आलेला. पुढे त्याच्याकडे शाळेच्या वसतिगृहाचं काम आलं आणि तिथे त्यानं जे केलं, त्याचं मोल आपण अजून पुरतं ओळखलेलं नाही.

साने गुरुजींनी वसतिगृहातल्या मुलांसाठी एक हस्तलिखित दैनिक सुरू केलं. नाव ‘छात्रालय’. छापखाना नाही, वर्गणी नाही. स्वतःच्या हातानं लिहायचं आणि मुलांच्या पुढ्यात ठेवायचं. त्यात देशातल्या घडामोडी असत, थोरांची चरित्रं असत, मुलांना घडवणारे विचार असत आणि वसतिगृहातल्या रोजच्या जगण्यातल्या गोष्टीही असत. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक काढलं, त्याचं मूळ या हस्तलिखितात आहे.

आपण साने गुरुजींना ‘श्यामची आई’मध्ये बंद करून ठेवलं आहे. मुलांच्या खोल्या झाडणारे, आजारी मुलाची शुश्रूषा करणारे, हळवे गुरुजी आपल्याला ठाऊक असतात. ते खरेच आहेत. पण त्या प्रेमातच एक करारी शिक्षणदृष्टी होती, ती आपण पाहत नाही. माझ्या वर्गातला मुलगा देशात काय चाललंय यापासून दूर राहता कामा नये, आणि ते त्याच्यापर्यंत त्याला पेलेल अशा भाषेत पोचवणं हे माझं काम आहे, ही ती दृष्टी. दिवसभर वर्गात शिकवून झाल्यावर हे लिहिणं कोणी त्यांच्यावर सोपवलेलं नव्हतं, त्याबद्दल कोणी गुण देणार नव्हतं.

काळही लक्षात घ्यायला हवा. १९२८ म्हणजे बारडोलीचं वर्ष, सायमन कमिशनचं वर्ष. शाळेच्या पुस्तकात यातलं काही असणं शक्य नव्हतं. पुस्तक आणि देश यांच्यामध्ये एक भिंत होती, आणि एका शिक्षकानं तिच्यात कागदाएवढी खिडकी पाडली. त्या खिडकीतून पुढे ते स्वतःच बाहेर पडले. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली आणि त्यांनी शाळा सोडली. त्यानंतर धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनी उतरवून घेतली. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. १९३८ साली अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढलं आणि १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’. वसतिगृहातल्या त्या हस्तलिखित कागदापासून ‘साधना’पर्यंत एकच धागा जातो : ज्याच्यावर माया आहे, त्याला जगाची बातमी द्यायची.

फैजपूरला आलेलं स्पेन

त्याच धाग्याचं एक टोक यावल तालुक्यात आहे. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ ला राष्ट्रीय सभेचं, म्हणजे काँग्रेसचं, पन्नासावं अधिवेशन फैजपूरला भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्याच साध्या सामानातून अधिवेशनाची नगरी सजवली. तिला टिळकनगर नाव दिलं. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांच्यासारखे कार्यकर्ते राबले. साने गुरुजी गावोगाव हिंडले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू बैलांनी ओढलेल्या रथातून आले.

नेहरूंच्या त्या भाषणात स्पेनमधल्या यादवी युद्धाचा उल्लेख होता. मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. केळी-कापसाच्या मुलखात थंडीत जमलेल्या शेतकऱ्यांसमोर कोणी तरी सांगत होतं, की दूर स्पेनमध्ये जे चाललंय त्याचा तुमच्याशी संबंध आहे. त्याच अधिवेशनात शेतसारा, खंड आणि कर्ज यांचं ओझं हलकं करणारा शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला. स्पेन आणि शेतसारा एकाच मांडवात. दूरचं जग आणि आपला बांध ही दोन वेगळी पुस्तकं नाहीत, हे फैजपूरनं तेव्हा शिकवलं.

आठवीच्या इतिहासाच्या पुस्तकात फैजपूर आहे. त्याच पुस्तकात आणखी एक नोंद आहे : १९३८ साली पूर्व खानदेशात अतिवृष्टीनं पिकं बुडाली आणि शेतसारा माफ व्हावा म्हणून साने गुरुजींनी सभा आणि मिरवणुका घेतल्या, कलेक्टर कचेरीवर मोर्चे काढले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा. हे वाचणारं यावलचं पोर ‘पूर्व खानदेश’ हे उत्तरपत्रिकेत लिहायचं नाव म्हणून पाठ करतं. तो आपलाच जिल्हा आहे, हे त्याला कोणी सांगितलं तर धडा उठून बसतो.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागात अतिवृष्टीनं पिकं बुडवली. पंचनामे, मदत, कर्जमाफीची मागणी, मोर्चे हे सगळं वर्तमानपत्रात आलं. १९३८ ची नोंद आणि २०२५ ची बातमी एका तासात शेजारी शेजारी ठेवून पाहा. तेव्हा शेतकऱ्यानं काय मागितलं? आज काय मागितलं? तेव्हा सारा माफ करा म्हणत होते, आज भरपाई द्या म्हणतात. सरकारशी असलेलं नातं मधल्या काळात कसं बदललं? पंचनामा कोण करतो, त्यावर सही कोणाची लागते? यातलं एकही उत्तर गाईडमध्ये मिळणार नाही आणि प्रत्येक उत्तर गावात मिळेल.

पुस्तकातला प्रत्येक धडा एके काळी बातमी होता. अधिवेशन ही बातमी होती, अतिवृष्टी ही बातमी होती. आपण ती वाळवून, तारीख लावून कपाटात ठेवली, म्हणून मुलांना ती निर्जीव वाटते. तिला पाणी घालायला आजची बातमी लागते. आणि आजच्या बातमीला, जी फोनवर येते आणि पाच मिनिटांत वाहून जाते, तिला थांबवून धरायला धड्याची सवय लागते : शब्दाला शब्द लावून वाचण्याची, ‘लेखकाला काय म्हणायचंय’ हे विचारण्याची. दोघांनाही एकमेकांची गरज आहे.

बहिणाबाई, बार्बियाना आणि वॉर्सा

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. तरी त्यांनी प्लेगवर गाणं केलं आणि छापखान्यावरही. गावात साथ आली, शहरात यंत्र आलं; त्यांनी पाहिलं आणि त्याचा अर्थ लावला. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी ‘बहिणाबाईंची गाणी’ पुस्तकरूपानं आली. आज त्यांची कविता पाठ्यपुस्तकात शिकवताना आपण ‘सहजसुंदर निसर्गवर्णन’ असं लिहायला लावतो. त्या आपल्या काळाच्या बातमीदारही होत्या, हे सांगत नाही. २०२० च्या टाळेबंदीत ज्यांनी घराचं दार बंद होताना पाहिलं, त्या मुलांना बहिणाबाईंचं प्लेगचं गाणं समजावून सांगावं लागणार नाही. तेच आपल्याला समजावून सांगतील.

ब्राझीलचे पावलो फ्रेअरी म्हणत असत, की माणूस अक्षर वाचण्याआधी जग वाचतो. त्यांनी १९६३ मध्ये आन्जिकोस गावातल्या कष्टकऱ्यांना अक्षरं शिकवली ती त्यांच्या रोजच्या जगण्यातले शब्द घेऊन. बहिणाबाईंच्या मुलखातल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये.

साने गुरुजी अमळनेरला रुजू झाले त्याच १९२४ साली दक्षिण फ्रान्समधल्या एका खेड्यात सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकानं वर्गात हातानं चालवायचा लहानसा छापखाना आणला. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला इजा झाली होती. फार वेळ बोलून शिकवणं त्याला झेपत नसे. तो मुलांना बाहेर फिरायला नेई, मुलं पाहिलेलं लिहीत आणि मग स्वतःच छापत. ९ ऑक्टोबर १९२६ ला वॉर्सामध्ये यानुश कोर्चाक यांनी मुलांनी लिहिलेलं ‘छोटं समालोचन’ नावाचं वृत्तपत्र सुरू केलं. मोठ्यांच्या एका दैनिकाची ती शुक्रवारची पुरवणी होती आणि दुसरं महायुद्ध पेटेपर्यंत ती चालली. या माणसांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नाही. तरी तिघांना त्याच काही वर्षांत एकच गोष्ट सुचली.

यावलच्या शिक्षकांनी वाचावं असं सर्वांत जवळचं उदाहरण इटलीतलं आहे. तिथल्या डोंगरातल्या बार्बियाना नावाच्या वाडीत लोरेंझो मिलानी या धर्मगुरूनं शाळेतून नापास होऊन बाहेर पडलेल्या शेतकरी मुलांची शाळा चालवली. तिथे रोज वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं जाई. अडलेल्या प्रत्येक शब्दाशी थांबायचं, नकाशा काढायचा, ज्याला कळलं त्यानं न कळलेल्याला सांगायचं. १९६७ मध्ये त्यातल्या आठ मुलांनी मिळून एका शिक्षिकेला उद्देशून पुस्तक लिहिलं. मराठीत ते ‘प्रिय बाई’ या नावानं आलं. शाळेनं ज्यांना ‘ढ’ म्हणून काढून टाकलं होतं, त्यांनी शाळेचाच ताळेबंद मांडला. सातपुड्याच्या पायथ्याशी बसून ते वाचताना बार्बियाना फार दूर वाटत नाही.

तीन तास

हे आपल्याकडे कसं करायचं? नवा विषय, नवं पुस्तक, नवं प्रशिक्षण यातलं काही लागत नाही. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत बातमीलेखन आहे, सारांशलेखन आहे, स्वमत आहे. दार आधीच उघडं आहे. मात्र बातमीलेखन म्हणजे ‘वृक्षारोपण उत्साहात संपन्न’ असा साचा झाला आहे आणि स्वमत गाईडमधून पाठ करून लिहिलं जातं. मुलाचं मतही दुसऱ्यानं छापून द्यावं, ही गोष्ट मला मनापासून बोचते. म्हणून तीन तासांची कल्पना मांडतो.

पहिला तास ‘सलग’चा. फळपीक विम्याच्या माहितीपत्रकातलं एकच वाक्य फळ्यावर लिहायचं. त्यातला ‘सलग’ काढला तर काय होईल? ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ घातला तर? कल्पित तापमानांची दहा दिवसांची यादी द्यायची आणि भरपाई बसते की नाही ते गटांनी ठरवायचं. मग तेच वाक्य प्रत्येकानं घरच्या बोलीत लिहायचं : लेवा बोलीत, तडवीत, पावरीत, अहिराणीत. सरकारी मराठीतून आजीच्या मराठीत अर्थ न सांडता नेता येणं हीच भाषेची खरी परीक्षा. ज्या मुलाची बोली आजवर वर्गात चूक ठरत आली, त्याची मान त्या तासाला वर होईल.

दुसरा तास क्रियापदांचा. १० मे २०२५ ला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तापी खोऱ्यातल्या महापुनर्भरण प्रकल्पाचा करार झाला. बातम्यांमध्ये ३१.१३ टीएमसी पाण्याचा आकडा आला. एक टीएमसी म्हणजे किती? एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. गणिताच्या सरांना इथे हाक मारायची. सातपुड्याच्या पायथ्याशी गोट्या-वाळूचा जो पट्टा आहे, ज्याला भूशास्त्रात बझाडा म्हणतात, तिथे पाणी झपाट्यानं मुरतं. यावल-रावेरच्या विहिरी आणि बोअर खोल खोल का गेले आणि पुनर्भरण इथेच का करायचं, हे भूगोलाच्या बाई सांगतील. मराठीच्या तासाला फक्त क्रियापदं अधोरेखित करायची. ‘करार झाला.’ ‘लाभ होणार.’ ‘मंजुरी मिळावी.’ भूतकाळ, भविष्यकाळ, विध्यर्थ. व्याकरणाचा हा भाग मुलांना नेहमी कोरडा वाटतो. पण झालेलं काय आणि होणार काय हे ओळखायला त्याच्याहून चांगलं अवजार नाही. एवढं कळलेला मुलगा आयुष्यभर कोणत्याही भाषणानं सहज फसणार नाही.

तिसरा तास फोनचा. केळीवर कुकुंबर मोझॅक विषाणू येतो. शेतकरी त्याला हरण्या रोग म्हणतात. तो माव्यासारख्या किडीमार्फत पसरतो, काकडीवर्गीय पिकांतून आणि तणांतूनही येतो. रोगट झाड बरं होत नाही, ते उपटून नष्ट करावं लागतं. आता ‘एका फवारणीत हरण्या गायब’ असा संदेश गटावर आला असं समजू. हा संदेश कोणी लिहिला? त्याला त्यातून काय मिळतं? यात तपासता येईल असं वाक्य कोणतं आणि नुसतं मत कोणतं? कृषी विभागाचा सल्ला काय म्हणतो? विज्ञानाच्या पुस्तकातला विषाणूचा धडा त्या दिवशी उघडला जाईल तो घरची बाग वाचवायला.

तीनही तासांना लागतं ते एक वर्तमानपत्र, एक फळा आणि ‘मलाही ठाऊक नाही, चला शोधू’ असं म्हणायची तयारी असलेला शिक्षक.

जपायच्या गोष्टी

शिक्षकांच्या अडचणी खऱ्या आहेत. अभ्यासक्रम संपवायचा असतो, शाळाबाह्य कामं असतात. त्याहून मोठी अडचण भीतीची. बातमी वर्गात आणली की राजकारण येईल, पालक विचारतील, कोणी तरी तक्रार करेल. ही भीती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. यावर उपाय म्हणजे शिक्षकानं स्वतःचं मत बाजूला ठेवून प्रश्न पुढे ठेवणं. एकाच घटनेची दोन वर्तमानपत्रांतली बातमी आणा. मथळे वेगळे का? कोणाचं म्हणणं आलं, कोणाचं आलं नाही? मुलांनी काय मत बनवावं हे सांगायचं नाही. मत कसं बनतं ते दाखवायचं. आणि गावात ज्या विषयावर आजच तणाव आहे, तो विषय थंड होईपर्यंत थांबायचंही. ते शहाणपण आहे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. आपल्या वर्गातल्या काही मुलांचं घर हेच बातमी असतं. ज्याची बाग वादळात आडवी झाली, ज्याच्या वडिलांवर कर्ज आहे, ज्याचा वनहक्काचा दावा वर्षानुवर्षं पडून आहे, असं मूल बाकावर बसलेलं असतं. ‘तुझ्या घरी काय झालं ते सांग’ असं चारचौघांत त्याला कधीही विचारू नये. त्यानं आपण होऊन लिहिलं तर ते जपून वाचावं आणि त्याच्या परवानगीशिवाय कोणाला दाखवू नये. इथे ‘श्यामची आई’ लिहिणाऱ्या माणसाकडून शिकावं. मुलाच्या डोळ्यांतलं पाणी हे शिकवण्याचं साधन नव्हे.

तिसरी गोष्ट साहित्यासाठी. कथा-कविता म्हणजे बातमीला लावायची शेपटी नव्हे. पाण्यावरची कविता पाणीटंचाईचा तक्ता बनवण्यासाठी लिहिलेली नसते. बातमी सांगते किती हेक्टर बुडालं. कथा सांगते त्या रात्री त्या घरात चूल पेटली का. पहिलं कळून दुसरं कळलं नाही, तर मूल हुशार होईल आणि कोरडं राहील. दुसरं कळून पहिलं कळलं नाही, तर ते हळवं होईल आणि असहाय. म्हणून कविता आधी कविता म्हणून वाचू द्यावी, मोठ्यानं, दोनदा. मग खिडकी उघडावी. याच पट्ट्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांनी खेड्यातलं बारीकसारीक सगळं कादंबरीत आणलं आणि ज्ञानपीठापर्यंत नेलं. आपल्या गावाचं जगणं लिहिण्याच्या लायकीचं आहे, हा विश्वासही वर्गानंच द्यायचा असतो.

पुन्हा ‘सलग’

डॉ. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, १५ ऑक्टोबरला, राज्यात वाचन प्रेरणा दिन होतो. मुलं ओळीनं बसतात, हातात पुस्तकं असतात, फोटो निघतो. दिवस चांगलाच आहे. पण विम्याच्या कागदानं आपल्याला एक गोष्ट शिकवली आहे : एखाद्या रात्रीची थंडी मोजली जात नाही. वाचनाचंही तसंच आहे. एका दिवसाचं वाचन कोणत्याच मुलाच्या खात्यात जमा होत नाही. ते सलग लागतं.

साने गुरुजींच्या ‘छात्रालया’चं मोठेपण तिथेच आहे. ते दैनिक होतं. काल लिहिलं म्हणून आज सुटी नव्हती. प्रत्येक शिक्षकाला रोज ते जमणार नाही, हे मान्य. आठवड्यातला एक तास जमेल. शुक्रवारचा शेवटचा तास, एक धडा, एक बातमी, आणि भिंतीवर मुलांच्या हातानं लिहिलेला एक कागद. जूनपासून एप्रिलपर्यंत. दहावीचं पोर तो कागद लिहून घरी जाईल, आजोबा विम्याचं पान पुढे करतील आणि विचारतील, ‘सलग’ म्हणजे किती रे? त्या प्रश्नाचं उत्तर त्याला पूर्ण देता आलं पाहिजे : किती दिवस, कोणत्या केंद्राचे, कोणत्या महिन्यांतले, आणि पटलं नाही तर दाद कुठे मागायची. तो अर्ज लिहायला कागद पुढे ओढेल, तेव्हा त्याचा मराठीचा तास पूर्ण झाला असं मी मानेन.